न पेललेले दगड

पेरूतल्या अँडीज पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेलं कुस्को ही एके काळची इंका साम्राज्याची राजधानी. माचू पिक्चूला निघालेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी आधी इथे उतरतो, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मुक्काम ठोकतो आणि एका दिवसात शहर उरकतो. क्रम ठरलेला असतो. सकाळी मुख्य चौक आणि कॅथीड्रल, मग सूर्यमंदिर कोरिकांचा, वाटेत हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, दुपारनंतर बसने टेकडीवर साक्सायवामान, केंको, पुका पुकारा आणि तांबोमाचाय. मधे वेळ सापडला तर एखादं संग्रहालय. संध्याकाळी डोक्यात उरतो तो दगड. चुन्याशिवाय रचलेला, सांध्यात पातंही न शिरणारा, शंभर टनांचा दगड. इंका म्हणजे दगडाशी खेळणारी माणसं, हे समीकरण पक्कं होऊन प्रवासी माचू पिक्चूच्या गाडीत बसतो, आणि तिथे ते आणखी पक्कं होतं. हे समीकरण बरंचसं लुटीने घडवलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे. इंकांना सर्वांत मोलाचं वाटलं ते कुस्कोत फारच थोडं शिल्लक आहे. वितळवता आलं नाही, उचलता आलं नाही, विकता आलं नाही, ते मात्र भरपूर आहे. एका दिवसाच्या फेरीत आपण इंकांचं शहर पाहतो त्याहून जास्त, त्या शहरावर लागलेली चाळण पाहतो.

ही चाळण कधी आणि कशी लागली, याच्या नोंदी आहेत. नोव्हेंबर १५३२मध्ये काहामार्का इथे फ्रान्सिस्को पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केलं आणि सुटकेच्या बदल्यात सोनं-चांदी ठरली. खंडणी लवकर भरावी म्हणून पिझारोने आपली तीन माणसं कुस्कोला पाठवली. शहर अजून जिंकलेलं नव्हतं. सम्राटाच्या हुकुमाच्या बळावर ती आत शिरली आणि सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटायला लागली. असे सुमारे ७०० पत्रे निघाले. काहामार्कामध्ये भट्ट्या पेटल्या आणि खंडणीतून साधारण ६ टन सोनं आणि ११ टनांहून अधिक चांदी ओतून निघाली. वितळवण्याचं काम करणारे कारागीर स्थानिकच होते, म्हणजे ज्यांच्या परंपरेतून त्या वस्तू घडल्या त्यांच्याच हातून त्यांच्या लगडी झाल्या. जुलै १५३३मध्ये आताहुआल्पाला तरीही मारण्यात आलं. नोव्हेंबरात स्पॅनिश फौज कुस्कोत पोचली आणि तिथे दुसऱ्यांदा भट्ट्या लागल्या. सिएसा दे लेओनसारख्या इतिहासकारांनी कोरिकांचातल्या सोन्याच्या बागेचं वर्णन ऐकून लिहून ठेवलं आहे: सोन्याची मक्याची ताटं, सोन्याचे लामा, त्यांना राखणारी माणसंही सोन्याची. आज त्याच जागी उभं राहून मार्गदर्शक करड्या अँडेसाइटच्या साध्या, निरलंकार सौंदर्याची तारीफ करतो. तारीफ खरी आहे, भिंत देखणी आहेच. पण ती उघडी आहे हे इंका स्थापत्याचं तत्त्व समजण्यात फसगत आहे. तिच्यावरचं सोनं पहारींनी काढून नेलेलं आहे.

दगड तरी सुटले का? चाळण सर्वांत स्वच्छ दिसते ती साक्सायवामानवर. शहराच्या उत्तरेला टेकडीवर नागमोडी दातेरी तटांच्या तीन रांगा एकावर एक चढत गेल्या आहेत, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दगडाचं वजन शंभर टनांच्या पुढे धरलं जातं. प्रवाशाला हेच साक्सायवामान वाटतं. प्रत्यक्षात हे तट म्हणजे तळाचा आधार; त्यावर मनोरे होते, खोल्या होत्या, कोठारं होती, बारीक घडवलेल्या चौकोनी दगडांचं सगळं बांधकाम होतं. गार्सिलासो दे ला वेगा हा इंका राजघराण्यातल्या आईचा आणि स्पॅनिश कप्तानाचा मुलगा १५३९मध्ये कुस्कोत जन्मला, विशीत स्पेनला गेला आणि १६०९मध्ये त्याने आपल्या मातृकुळाचा इतिहास छापला. गवंड्यांचा खर्च वाचवायला स्पॅनिश लोकांनी वरचे घडीव दगड कसे ओढून नेले आणि त्यांतून शहरातली घरं कशी उभी राहिली, हे त्याने कळवळून लिहिलं आहे. तीन तट मात्र राहिले, कारण त्यांचे दगड पाडण्याच्या पलीकडचे होते. आणि त्यांचेही काही भाग, आत सोनं पुरलंय या आशेने, उकरले गेले. हे कुणा आधुनिक अभ्यासकाचं अनुमान नव्हे, त्या शहरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाचं म्हणणं आहे. चौकातलं कॅथीड्रल १५६०च्या सुमारास सुरू झालं, ते उभं राहायला जवळजवळ शंभर वर्षं लागली आणि त्यालाही याच टेकडीने दगड पुरवले. म्हणजे सकाळी कॅथीड्रल आणि दुपारी साक्सायवामान पाहणारा प्रवासी एकाच इमारतीचे दोन तुकडे पाहत असतो, फक्त तसं त्याला कुणी सांगत नाही. टेकडीवरच्या मुयुकमार्का या गोल मनोऱ्याचा पाया १९३४मध्ये लुईस वाल्कार्सेल यांच्या उत्खननात मातीतून वर आला. तेव्हा वर काय होतं याचा नकाशा निदान समजला. एकात एक बसवलेली दगडी कडी आज गवतात उमटलेली दिसतात; तटासमोर फोटो काढून परतणारे बरेच जण तिथवर चढतही नाहीत.

टिकण्याचा दुसरा रस्ता होता तो उपयोगी पडण्याचा. शहरात ज्या इंका भिंती गुडघ्याच्या किंवा माणसाच्या उंचीपर्यंत शाबूत आहेत, त्यांतल्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या घराचा पाया झाल्या. सूर्याला वाहिलेल्या स्त्रिया जिथे कोंडून राहत, विणत आणि मद्य गाळत, त्या वास्तूत पुढे सांता कातालिना या जोगिणींचा मठ आला. लोरेतो गल्लीतली तिची लांबलचक भिंत त्यामुळे राहिली. इंका रोकाचा म्हणून सांगितला जाणारा वाडा आर्चबिशपच्या निवासाचा पाया बनला, म्हणून बारा कोनांचा दगड जागेवर आहे. कोरिकांचा पिझारोचा भाऊ हुआन याच्या वाट्याला आला, त्याच्याकडून डोमिनिकन पंथाकडे गेला आणि त्यांनी इंकांच्या वळणदार भिंतीवर आपल्या चर्चची मागची बाजू चढवली. खाली देऊळ, वर चर्च: ही मांडणी आपल्याकडच्या वाचकाला चटकन ओळखीची वाटेल, आणि तेवढ्यावर तो थांबला तर घोटाळा होईल. कारण १५३३नंतरच्या कुस्कोत ज्या भिंतीवर कुणी काही चढवलं नाही ती बहुधा पार नाहीशीच झाली. वर बसलेल्यानेच खालचं, इच्छा नसताना, राखलं.

२१ मे १९५०च्या भूकंपाची गोष्ट कुस्कोत हटकून सांगितली जाते: वरचं स्पॅनिश बांधकाम कोसळलं, खालची इंका भिंत हलली नाही, निसर्गाने न्याय केला. गोष्टीत तथ्य आहे. आत झुकलेल्या भिंती, वर निमुळती होणारी दारं आणि कोनाडे, सैल न होणारे सांधे यांनी धक्के सोसले. १६५०च्या भूकंपातही शहराने हेच पाहिलं होतं. पण १९५०नंतर जे दिसू लागलं ते सगळं भूकंपाने दाखवलेलं नव्हतं. कोरिकांचावरचा डोमिनिकनांचा सांतो दोमिंगो मठ जसाच्या तसा पुन्हा उभारावा की तो बाजूला सारून इंकांच्या खोल्या मोकळ्या कराव्यात, यावर मोठा वाद झाला. युनेस्कोने इतिहासकार जॉर्ज कुब्लर यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचं पथक पाठवलं, आणि अखेर मधला मार्ग निघाला: मठाचा कमानीदार चौक राहिला, त्याच्या आत इंकांच्या खोल्या उघड्या झाल्या. आज तिथे गिलाव्यातून बाहेर काढलेली भिंत दिसते ती विसाव्या शतकातल्या माणसांनी केलेली निवड आहे. मालकीचीही गंमत आहे. मठाच्या आवारात जायचं तर धर्मसंस्थेचं वेगळं तिकीट लागतं. त्याच मंदिराच्या खालच्या बागेतलं छोटं संग्रहालय मात्र सरकारी एकत्रित तिकिटात बसतं. एका देवळाचे दोन दरवाजे, दोन गल्ले.

आता जे चाळणीतून खाली गळून गेलं त्याकडे वळू. चौकापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तिथली जमीनही मूळची नाही. इंकांनी या चौकावर शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रकाठची वाळू आणून दोन-अडीच वीत जाडीचा थर पसरला होता आणि त्यात सोन्या-चांदीच्या लहान मूर्ती पुरल्या होत्या. पोलो दे ओंदेगार्दो हा अधिकारी लिहितो की त्याने ती वाळू काढायला लावली, कारण लोक तिला पवित्र मानत; आणि ती कॅथीड्रलच्या बांधकामात वापरली गेली. या पोलोनेच १५५९मध्ये इंका राजांच्या ममी शोधून काढल्या. इंकांच्या व्यवस्थेत मेलेला राजा मालमत्तेचा धनी राहत असे. त्याचे वंशज त्याचा वाडा सांभाळत, सणाला त्याला चौकात आणून बसवत, त्याच्यापुढे मद्य ठेवत. नव्या राजाला वाडा नवा बांधावा लागे. कुस्कोत एवढे वाडे का, याचं हे उत्तर आहे. स्पेनला निघताना गार्सिलासोने पोलोच्या घरी त्यातल्या काही ममी पाहिल्या आणि हुआयना कापाक राजाच्या बोटाला हात लावून पाहिला. ते लाकडासारखं टणक होतं, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे काही ममी लिमाला पाठवल्या गेल्या आणि तिथे त्यांचा माग संपतो. गाठी मारलेल्या दोऱ्यांचे किपू, ज्यांत साम्राज्याचे हिशेब असत, त्यांच्यावर १५८३च्या लिमा धर्मपरिषदेने बंदी घातली. वाड्यांवरची गवताची छपरं तर त्याआधीच गेली होती: १५३६मध्ये मांको इंकाने आपल्याच राजधानीला वेढा घातला तेव्हा त्याच्या सैनिकांनी तापवलेले दगड कापसात गुंडाळून गोफणीने मारले आणि शहर पेटलं.

आणि सर्वांत मोठी गळती कापडाची. जॉन मुर्रा या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२मध्ये इंका राज्यातल्या कापडावर लिहिलेला निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याचा गाभा असा: या राज्यात सन्मान, पगार, तह, लग्न, बळी, सगळ्यांचं माध्यम वस्त्र होतं. सैनिकाला बक्षीस म्हणून कापड मिळे, जिंकलेल्या सरदाराला कापड दिलं की तो राज्यात आला, देवाला कापड जाळून अर्पण होई. ‘कुंपी’ नावाचं तलम विणकामाचं कापड राज्याच्या हुकुमाखाली खास विणकर आणि त्या कोंडलेल्या स्त्रिया करत. स्पॅनिश सैनिकांनी काठोकाठ कापडाने भरलेली कोठारं पाहिल्याचं लिहिलं आहे. पिझारोचा नातेवाईक पेद्रो पिझारो याने कैदेतल्या आताहुआल्पाची एक आठवण सांगितली आहे. जेवताना राजाच्या कपड्यावर घास पडला. तो उठून आत गेला आणि गडद तपकिरी, रेशमाहून मऊ असा दुसरा अंगरखा घालून आला. हा कशाचा, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की रात्री उडणाऱ्या पाखरांच्या केसांचा, म्हणजे वटवाघळांचा. असं वस्त्र एका घासापायी बदलणारा माणूस श्रीमंती कशात मोजत होता, हे साक्सायवामानचा कोणताही दगड सांगू शकणार नाही. पण कापडाची लगड होत नाही, आणि कुस्कोच्या पावसाळी हवेत ते कुजतं. पहिल्या कारणाने ते भट्टीतून सुटलं, दुसऱ्याने गेलं.

मग संग्रहालयं ही उणीव भरून काढतात का? काही प्रमाणात. चौकाजवळच्या पालासिओ देल आल्मिरांतेमधलं इंका संग्रहालय सान आंतोनिओ आबाद विद्यापीठाचं आहे; त्यातला मोठा साठा होसे लुकास कापारो मुन्यिस यांच्या संग्रहातून १९१९मध्ये आला. पण तोवर शहरातले इतर मोठे संग्रह हातचे गेले होते. आना मारिया सेंतेनो या बाईंनी जमवलेला दुर्मिळ वस्तूंचा खजिना त्यांच्या मृत्यूनंतर १८८८मध्ये बर्लिनला विकला गेला. एमिलिओ मोंतेस यांचा संग्रह १८९३च्या शिकागो प्रदर्शनात मांडला गेला आणि तिथलाच झाला. किपूंचा जगातला सर्वांत मोठा संग्रह बर्लिनमध्ये आहे. भौमितिक चौकड्यांनी अंगभर भरलेला इंका राजवस्त्राचा सर्वांत प्रसिद्ध नमुना वॉशिंग्टनमध्ये. हायरम बिंगहॅमने १९११नंतर माचू पिक्चूहून येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू शंभर वर्षांच्या मागण्या आणि खटल्यानंतर परतल्या आणि आज कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात मांडल्या आहेत. त्यात बहुतेक मातीची भांडी, हाडं, दगडी-धातूच्या छोट्या वस्तू आहेत. अभ्यासाला अनमोल, पण दिपून जावं असं त्यात थोडं. आणि मांडणी, प्रकाश, नजाकत यांत शहरातलं सर्वांत देखणं संग्रहालय म्हणजे २००३मध्ये लार्को संग्रहालयाने उघडलेलं प्रीकोलंबियन कला संग्रहालय. तिथे मन रमतं. पण त्यातल्या कितीतरी उत्तम वस्तू मोचे, नाझ्का, चिमू अशा किनाऱ्यावरच्या लोकांच्या आहेत. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर फारसं काही कुजत नाही. इंका राजधानीतल्या कपाटांत इंकांच्या शेजाऱ्यांची आणि त्यांच्या आधीच्या लोकांची कला भरून आहे, हीच गळतीची मोजदाद. इंकांचं कापड मुळात कसं असेल याची झलक हवी तर ती बर्फात मिळते: १९९९मध्ये अर्जेंटिनाच्या हद्दीत ६,७३९ मीटर उंच युयायाको ज्वालामुखीवर बळी दिलेली तीन मुलं सापडली, अंगावरच्या वस्त्रांसकट, पिसांच्या शिरोभूषणासकट. ती आज साल्ताच्या संग्रहालयात आहेत.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: दगडकाम खरोखरच अलौकिक आहे, तेव्हा ते डोळ्यांत भरलं तर चूक काय? चूक काहीच नाही. सिएसा दे लेओननेही साक्सायवामान पाहून थक्क होऊन लिहिलं आणि ते जपायला हवं होतं असं म्हटलं. पण दगड एकटाच मागे राहिला की तो माणसांपासून तुटतो, आणि तुटलेल्या दगडाला परग्रहवासी चिकटतात. त्यावरचा उतारा भिंतीतच आहे. हातुन रुमियोकच्या हिरवट दगडाकडे तिरप्या उजेडात पाहिलं तर पृष्ठभागावर खळगे दिसतात: मध्यभागी मोठे, सांध्याच्या काठाशी बारीक. मोठ्या गोट्याने ठोकून आकार द्यायचा, कडेला आल्यावर लहान गोटा घ्यायचा, अशी ही पद्धत. वास्तुशास्त्रज्ञ जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी १९८०च्या दशकात कुस्कोपासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या रुमिकोल्का खाणीत गारगोटीचे गोटे घेऊन हे स्वतः करून पाहिलं. एका लहान अँडेसाइट ठोकळ्याच्या तीन बाजू दीड तासात तयार झाल्या. पात्याची कथाही जवळून पाहावी: कित्येक भिंतींत तो घट्ट सांधा दर्शनी काही बोटांपुरताच असतो, आत खडी आणि माती. याने कौशल्य कमी होत नाही. उलट तिथे घाम गाळणाऱ्या हजारो माणसांची सोय कुणीतरी लावत होतं, त्यांना अन्न, मद्य आणि कापड देत होतं, हे समजतं. पुन्हा कापड.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक जुनं शहर चाळणीतूनच आपल्यापर्यंत येतं. रोमचा संगमरवर चुनाभट्ट्यांत गेला, मग कुस्कोचं वेगळं काय? वेगळेपण वेगाचं आणि नोंदींचं आहे. इथे एका माणसाच्या आयुष्यात, साधारण १५३३ ते १५७२ या अवधीत, बहुतेक काम उरकलं, आणि कुणी काय नेलं हे नेणाऱ्यांनीच लिहून ठेवलं. म्हणूनच इथल्या प्रवाशाला ‘काळाच्या ओघात’ असं म्हणून सुटता येत नाही. त्याच वेळी सगळा दोष एका बाजूला ढकलताही येत नाही: गवती छपरं इंका फौजेने जाळली, एकोणिसाव्या शतकातले संग्रह कुस्कोच्याच घरांतून विकले गेले, आणि कुस्कोला दगडाचं शहर म्हणून मिरवण्यात विसाव्या शतकातल्या स्थानिक अभिमानाचा वाटा मोठा आहे. १९३४चं उत्खनन झालं ते शहराच्या स्पॅनिश स्थापनेच्या चारशेव्या वर्षाच्या निमित्ताने. १९४४मध्ये उंबेर्तो विदाल उंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंती रायमी हा सूर्योत्सव, गार्सिलासोच्या वर्णनाच्या आधारे, साक्सायवामानच्या मैदानावर पुन्हा सुरू केला. दर २४ जूनला शेकडो कलावंत रंगीत वस्त्रं लेवून क्वेचुआत संवाद म्हणतात. याला पर्यटकी तमाशा म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला मात्र त्या तटांसमोर निदान वर्षातून एक दिवस कापड परत येतं हे बरं वाटतं, भले ते यंत्रमागाचं असो.

एकच दिवस हाती असेल तर त्यातला एक तास आर्चबिशपच्या वाड्यातल्या धार्मिक कला संग्रहालयाला द्यावा, असं मी म्हणेन. हा तोच वाडा, ज्याच्या बाहेरच्या भिंतीत बारा कोनांचा दगड आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये एका माणसाने त्यावर हत्याराने घाव घातले तेव्हा जगभर बातमी झाली. गल्लीत त्या दगडासमोर फोटोसाठी रांग असते. भिंतीच्या आतल्या बाजूला सांता आना चर्चसाठी १६७४ ते १६८०च्या सुमारास रंगवलेली कॉर्पस क्रिस्ती मिरवणुकीची चित्रं आहेत, मालिकेतल्या ज्ञात सोळांपैकी बारा. संतांच्या रथांपुढे इंका वंशातले सरदार चालत आहेत: बाह्यांना स्पॅनिश लेस, अंगात विणीच्या चौकड्यांचा अंगरखा, छातीवर सूर्य, आणि कपाळावर झुलणारी लाल राजझालर असलेलं शिरोभूषण. जिंकलं जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाल्यावरही हे लोक आपली ओळख दगडाने सांगत नव्हते, वस्त्राने सांगत होते. इंका संग्रहालयातल्या केरो नावाच्या रंगीत लाकडी पेल्यांवरही तेच: माणसं, फुलं, नाच, अंगावरच्या चौकड्या. वितळवण्याजोगे नव्हते म्हणून तेही राहिले. १७८१मध्ये तुपाक आमारू दुसरा याचं बंड मोडून त्याला कुस्कोच्या चौकात मारलं गेलं, तेव्हा शिक्षेच्या हुकुमात इंकांचा पोशाख आणि त्यांची चित्रं यांवर बंदी आली, घराघरांतली राजांची चित्रं उतरवली गेली. सांता आनाच्या भिंतीवरची तशीच राहिली. त्यांचा विषय कागदोपत्री ख्रिस्ती सणाची मिरवणूक हा होता, आणि ती उतरवायची तर संतांनाही उतरवावं लागलं असतं.